वेळास ते वेंगुर्ला : ज्या घरांत राहिलो त्यांच्याबद्दल

मार्चमध्ये कोकणात जाऊन आलो, मी, नवरा, चौथीतली लेक आणि माझी आई. आल्यापासून जो तो विचारतोय, कुठली हॉटेलं घेतली, रेट काय, रूममधून समुद्र दिसतो का. ते सगळं सांगेनच, पण मला खरं लिहायचंय ते ज्यांनी आम्हाला ठेवून घेतलं त्या माणसांबद्दल. यावेळी एक गोष्ट फार जाणवली. चांगला यजमान तुम्हाला आधी 'नाही' सांगतो. आज मासे ताजे नाहीत, आत्ता पाण्यात उतरू नका, कासवं दिसतीलच असं नाही. असं तोंडावर सांगणारा माणूस भेटला की आपण एकदम निवांत होतो, कारण मग तो जेव्हा 'हो' म्हणतो तेव्हा ते खरं असणार याची खात्री असते.

आईचे गुडघे दुखतात हे आधीच सांगून ठेवते, कारण आमचं निम्मं प्लॅनिंग त्यावर होतं.

शनिवार : पुणे ते वेळास

ताम्हिणी, माणगाव, मंडणगड. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा, लेकीला गाडी लागली, बाकी काही सांगण्यासारखं नाही.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव, पण आता लोक येतात ते कासवांसाठी. ऑलिव्ह रिडले माद्या किनाऱ्यावर अंडी घालून जातात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ च्या सुमारास गावाला सोबत घेऊन संरक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे त्यातूनच लोकांनी आपापल्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. म्हणजे इथे हॉटेल असं नाहीच. माजघरात, पडवीत गाद्या घालतात, जेवण घरातलं, माणशी रेट असतो त्यात राहणं-खाणं सगळं आलं.

आम्ही पोचलो तेव्हा काकू अंगणातच होत्या. "आधी पाय धुवा, मग चहा" एवढंच बोलल्या. आई गाडीतून कशी उतरली, पायरीवर कुठला हात टेकला, हे त्यांनी बघितलं असणार, कारण चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी आमच्या गाद्या माजघरातून उचलून मागच्या दाराजवळच्या खोलीत नेल्या होत्या. संडास-बाथरूम अंगणाच्या पलीकडे, तिथनं जवळ पडावं म्हणून. मी बाथरूममध्ये गेले तर आत एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली, आणि बादली जमिनीवर न ठेवता एका पाटावर, म्हणजे वाकायला नको. आम्ही मागितलं नव्हतं आणि त्याही त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

कासवांचं विचारलं तर म्हणाल्या, "काल एकही निघालं नाही. उद्याचं मी सांगू शकत नाही, आणि कुणी हमी देत असेल तर ऐकू नका."

संध्याकाळी खरंच काही नाही. लेकीचा चेहरा पडला. रात्री वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आमसुलाचं सार. सकाळी परत अंधारात टॉर्च घेऊन निघालो. सुरूच्या बनातनं किनाऱ्यावर, कुंपणाच्या आत वाळूत ओळीने टोपल्या पालथ्या घातलेल्या, प्रत्येकीखाली एक घरटं. कार्यकर्ते एकेक टोपली उचलून बघत होते, नाही, नाही, नाही, आणि मग एका टोपलीखाली वाळू हलताना दिसली. पिल्लं लेकीच्या तळहातापेक्षा लहान, काळपट राखाडी. पाण्यापासून थोडं लांब सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात, चार पायांचे ठसे मागे टाकत, थांबतात, परत चालतात. एक उलटं झालं तर सगळी गर्दी "अरे अरे" करायला लागली. लाटेने त्याला सरळ केलं आणि घेऊन गेली.

जाणाऱ्यांसाठी : पिल्लं सोडतात सकाळी आणि संध्याकाळी, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. दोरीच्या अलीकडे थांबायचं, फ्लॅश मारायचा नाही, हात लावायचा नाही. शक्य असेल तर दोन सकाळी मिळतील असं राहा. रोख पैसे घेऊन जा, रेंजचा भरवसा नाही.

रविवार : गुहागर

आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला आई गाडीतनं बऱ्यापैकी वरपर्यंत येऊ शकली. हर्णैचा माशांचा लिलाव बघायचा असेल तर संध्याकाळीच जावं, आम्ही भर दुपारी गेलो त्यामुळे तसेच पुढे. दाभोळहून फेरीबोटीत गाडी घालून धोपाव्याला उतरलो. चिपळूणवरून जायचं तर केवढा तरी वळसा पडतो, तेव्हा फेरीच घ्या, आणि गाडीतून उतरून कठड्यापाशी उभे राहा, खाडीचं वारं छान लागतं.

गुहागरला वाडीतलं घर घेतलं होतं, वरच्या पाटात. पुढे रस्ता, मागे नारळी-पोफळी आणि वाडी संपली की समुद्र. अंगणभर सुपाऱ्या वाळत घातलेल्या. आजोबा ऐंशीच्या पुढचे असतील, त्यांनी कोकम सरबत पुढे केलं आणि पहिला प्रश्न विचारला, "सकाळी चहा किती वाजता लागतो?" आई म्हणाली पाचला. आजोबा म्हणाले, "मग आपलं जमेल, मी साडेचारला उठतो." दुसऱ्या दिवशी पाच वाजता दोघं पडवीत चहा घेऊन बसलेले होते, आणि मी उठले तेव्हा कोणाच्या कोणत्या नातेवाईकाची मुलगी कुठे दिली इथपर्यंत गाडी गेली होती.

मोदकांचं आम्ही आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवलं होतं. (हे लक्षात ठेवा, आयत्या वेळी कुठेही मागू नका, नारळ खवण्यापासून काम असतं ते.) वहिनींनी लेकीला शेजारी पाट दिला, तेल-पाण्याचा हात लावून उकडीचा गोळा तिच्या हातात दिला आणि पारी कशी फिरवायची ते दाखवलं. अंगठा आत, बाकीची बोटं बाहेर, कड पातळ करत न्यायची. मग कळ्या. लेकीच्या पहिल्या मोदकाला पाचच कळ्या पडल्या आणि तोंड मिटेना. वहिनींनी तो मोडला नाही, दुरुस्तही केला नाही, तसाच हळदीच्या पानावर बाकीच्यांबरोबर वाफवायला ठेवला आणि वाढताना बरोबर तिच्याच पानात वाढला. नंतर ती सगळ्या ट्रिपभर हेच सांगत होती.

झोपायच्या आधी वहिनींनी बजावून सांगितलं, "रात्री वाडीत टॉर्चशिवाय जायचं नाही, आणि उद्या समुद्रावर जाल तर गुडघ्याच्या वर पाण्यात नाही." बीच लांबलचक आणि शांत दिसतो, म्हणून लोक पुढे पुढे जातात. ज्या घरात कोणीतरी असं सांगणारं आहे तिथे मूल घेऊन राहायला बरं वाटतं.

सोमवार : मधला एक मुक्काम

निघताना आजोबांनी भरतीची वेळ सांगितली होती, म्हणून हेदवीची बामणघळ अगदी नेमकी सापडली. कातळात अरुंद भेग आहे, भरतीचं पाणी आत घुसलं की धडकन वर उसळतं. ओहोटीला गेलात तर तिथे बघण्यासारखं काही नसतं, तेव्हा वेळ स्थानिक माणसाला विचारूनच जा. दशभुज गणेशाचं दर्शन, मग तवसाळ-जयगड फेरी.

त्या रात्रीच्या हॉटेलचं नाव आणि गाव दोन्ही लिहीत नाही. फोटोतल्यासारखंच होतं सगळं, काचेची भिंत, समोर समुद्र, पांढऱ्या चादरी, टॉवेलचा हंस. आणि तरी तिथे आम्हाला परकं वाटलं. ग्राउंड फ्लोअर सांगून बुक केलं होतं, तर दुसरा मजला मिळाला, लिफ्ट बंद. काउंटरवरच्या मुलाने आईकडे बघितलंसुद्धा नाही, स्क्रीनकडे बघत म्हणाला "मॅम, सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय." चौघांची आधार कार्डं होईपर्यंत आई उभीच होती, बाजूला सोफा असून कोणी बसा म्हणालं नाही. जेवायला मासे विचारले तर सगळं आहे, सगळं फ्रेश आहे. सगळं कसं असेल? समुद्रावरून आलेल्या माणसाला विचारा, रोज सगळं कधीच नसतं.

पण त्याच हॉटेलात रात्रपाळीचा वॉचमन होता, जवळच्याच गावचा, पन्नाशीचा. आई जिन्यात मधेच थांबली तर तो स्वतःची खुर्ची उचलून जिन्याच्या चौकात घेऊन आला, "बसा आई, घाई नाही," आणि ती वर जाईपर्यंत खाली उभा राहिला. सकाळी निघताना आई फक्त त्यालाच सांगून निघाली.

मंगळवार : सागरी रस्त्याने देवगड

हा दिवस रस्त्याचाच. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, मग जैतापूरची खाडी ओलांडून विजयदुर्ग. रस्ता कधी सड्यावरून, आजूबाजूला काळा कातळ आणि वाळलेलं पिवळं गवत, तर कधी एकदम उतरून नारळांत. वेळ हातात ठेवा, किलोमीटर कमी दिसले तरी वेग लागत नाही.

विजयदुर्गला किल्ल्याबाहेर सरबत विकणाऱ्या दादांनी लेकीला साहेबाचा कट्टा नक्की बघ म्हणून सांगितलं. १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर हा ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणं घ्यायला विजयदुर्गला आला होता, हेलियमचा शोध ज्यांच्या नावावर आहे त्यांच्यातला एक. तिला ग्रहण आवडतं, त्यामुळे ऊन असूनही सगळा किल्ला फिरली.

देवगडजवळ आंब्याच्या बागेत मुक्काम होता. बागायतदार दादांचा दुपारीच फोन, "मॅपवर जाऊ नका, तो तुम्हाला खाली दुसऱ्याच वाडीत नेतो, फाट्यावर थांबा मी येतो." पोचेपर्यंत अंधार पडला होता, फाट्यावर बाईक लावून वाट बघत उभे. किती वेळ उभे होते ते त्यांनी सांगितलं नाही, तिथल्या टपरीवाल्याने सांगितलं, तासभर.

जांभ्या दगडाचं घर, बाहेर शेडमध्ये पेट्या भरायचं काम चाललेलं. सकाळी आंबा उतरवताना बघितला, लांब काठीला जाळी बांधलेला झेला, फळ देठासकट अलगद जाळीत. दादांनी दोन आंबे हातात घेऊन दाखवले. एकाचे खांदे देठाच्या वर आलेले आणि देठापाशी खळगा, तो तयार. दुसऱ्याचे खांदे उतरते, तो रंगाने कितीही छान दिसला तरी अजून कोवळा. मग आम्ही अर्थातच पेटी मागितली, तर म्हणाले, "आत्ता नको. पहिला तोडा आहे, भाव डोक्यावर आहे आणि बागेची खरी चव अजून यायची आहे. एप्रिलच्या अखेरीला फोन करतो." गिऱ्हाईक दारात उभं आहे, पैसे द्यायला तयार आहे आणि माणूस नाही म्हणतोय. एप्रिलच्या अखेरीला खरंच फोन आला. पाच डझनाची पेटी आली, भाताच्या पेंढ्यात, आणि एकही फळ वाया गेलं नाही.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी बाजारात देवगडच्या नावाने काय काय विकतात ते आपण बघतोच. बागेत एक रात्र राहिलात तर आंबा कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न कायमचा सुटतो.

बुधवार, गुरुवार : देवबाग

मालवणच्या पुढे तारकर्ली आणि त्याच्याही पुढे देवबाग. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. मासेमारी करणाऱ्या कुटुंबाचं घर होतं, वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना, पण फोनवरच आईचं सांगितलं होतं म्हणून त्यांनी खालची स्वतःची खोली मोकळी करून दिली.

आल्या आल्या मी उत्साहाने सुरमई विचारली. ताई म्हणाल्या, "सुरमय आसा, पण बर्फातली. तुमका नको. पेडवे खावा, आत्ताच गावलेत." पेडव्याचं तिखलं केलं, तिरफळं घालून, आणि उकड्या तांदळाचा भात. सुरमईची आठवणसुद्धा झाली नाही. पेडवे बारीक मासे, काट्याचे, म्हणून हॉटेलवाले मेनूत फारसे ठेवत नाहीत. कोकणात गेलात तर माशाचं नाव घेऊन मागू नका, आज काय आलंय ते विचारा. जेवण चांगलं होतं आणि बिलही कमी होतं.

गुरुवारी आईचं पोट बिघडलं. आम्ही काही बोललो नव्हतो, फक्त ती सकाळी नाश्त्याला आली नाही. थोड्या वेळाने ताई वाडगा घेऊन दारात, "आवशीक आज काय एक नको, पेज देतंय." उकड्या तांदळाची पातळ गरम पेज, मीठ, आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैरीची एक फोड. दुपारी परत तेच. डॉक्टर लागला तर कुठे आहे, रिक्षा कोण आणेल, हे सगळं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. लागला नाही.

आई घरी राहिली म्हणून आम्ही तिघं सिंधुदुर्गला गेलो. ताईंच्या मिस्टरांनी सांगितलं की दुपारनंतर वारा उठतो, बोट हलते, सकाळचीच पहिली बोट धरा. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेटावर पायाभरणी केलेला किल्ला, आत अजूनही कुटुंबं राहतात आणि चहूबाजूंनी खारं पाणी असून विहिरींना गोडं पाणी आहे, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. महाराजांच्या हातापायाचे ठसे बघताना लेक एकदम गप्प झाली होती. पावसाळ्यात बोटी बंद असतात, तेव्हा जून-जुलैत हा बेत करू नका.

परत आलो तर आई पडवीत. शेजारी ताईंच्या सासूबाई, दोघींच्या मधे ओल्या काजूबियांचा ढीग. आईच्या बोटांना खोबरेल तेल लावलेलं, कारण काजूच्या सालातला चीक कातडी जाळतो. सासूबाई बी विळीवर मधोमध चिरायच्या आणि आई काडीने गर बाहेर काढायची. तिचा चेहरा इतका खुललेला मी बरेच दिवसांत बघितला नव्हता. गुडघे दुखायला लागल्यापासून सगळीकडे तिला "तुम्ही बसा, तुम्ही काही करू नका" हेच ऐकायला मिळतं, आम्हीही तेच म्हणतो. इथे कोणीतरी तिच्या हातात काम दिलं. सासूबाई मालवणीत बोलत होत्या, आई पुण्याचं मराठी, आणि दोघींचं तास न् तास चाललेलं. रात्री त्या काजूगरांची उसळ झाली, पोट नीट झालं होतं म्हणून आईलाही ताईंनी दोन चमचे वाढले, जास्त नाही.

निघायच्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत होते. दोन्ही बाजूंनी दोराला पंचवीस-तीस माणसं. लेक मधे घुसली तर कोणी हाकललं नाही, "ओढ गो चेडवा" म्हणून जागा दिली. शेवटी तिच्याही ओंजळीत चार बांगडे टाकले, ओढणाऱ्याला वाटा मिळतो म्हणून. तिने ते धावत नेऊन ताईंना दिले आणि ताईंनी आम्ही निघायच्या आत तळून वाढले.

शुक्रवार : वेंगुर्ला

इथे घर नव्हतं मिळालं, बाजाराजवळचं साधं लॉज. अशा ठिकाणाकडून माझ्या काही अपेक्षा नव्हत्या. पण मालकांनी खोली दाखवताना आधी नळ सोडून दाखवला, गरम पाणी यायला पाच मिनिटं लागतात हे सांगितलं, कुठला पंखा आवाज करतो तेही सांगितलं आणि म्हणाले, "पटलं तर राहा, पुढे अजून दोन लॉज आहेत." राहिलोच. टॉवेल जुने होते पण कडक उन्हात वाळवलेले, चादरीला साबणाचा वास.

त्यांनीच मांडवी खाडीतल्या कांदळवन सफरीचं सुचवलं. महिला बचत गट चालवतो, होडी बायकाच वल्हवतात, आणि कांदळवनाची कुठली जात कशी ओळखायची, मुळं वर का येतात, सगळं समजावून सांगतात. धीवर पक्षी दोनतीनदा दिसला. होडीत चढताना एकीने आईचा हात धरला, दुसरीने होडी पायाने दाबून धरली, आणि आई बसेपर्यंत कोणीच हललं नाही.

शनिवार : परत

सकाळी लॉजच्या मालकांनी घावणे आणि खोबऱ्याची चटणी केळीच्या पानात बांधून दिली, बिलात धरली नव्हती, विचारलं तर म्हणाले घरी केलेच होते. सावंतवाडीला चितारआळीत लाकडी खेळणी घेतली, लेकीने भातुकलीतली फळं घेतली, खरी वाटतील अशी रंगवलेली. मग आंबोलीवरून घरी.

वयस्कर माणसांना घेऊन जाणार असाल तर फोनवर चार गोष्टी स्पष्ट विचारा : कमोड आहे का, तो खोलीला लागून आहे की अंगणापलीकडे, पायऱ्या किती, आणि जेवण त्याच घरात की बाहेर जावं लागतं. समोरचा माणूस यातल्या एकाला तरी "नाही" म्हणाला तर फोन ठेवू नका, पुढे काय म्हणतो ते ऐका. वेळासच्या काकू फोनवर "संडास बाहेर आहे, पण मी बघते काय करता येईल ते" म्हणाल्या होत्या, तेवढ्यावर आम्ही बुक केलं. जेवण सकाळीच सांगून ठेवा, रोख पैसे जवळ ठेवा, आणि मे महिन्यातलं जायचं असेल तर बरंच आधी फोन करायला घ्या, घरं भराभर भरतात.